नामपल्लीत कापूस

मराठी माणसाला गाव असावंच लागतं. नसलं तर लोक जरा संशयानं बघतात. 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला नुसता जिल्हा सांगून भागत नाही. तालुका सांगावा लागतो, मग गाव, मग 'गावात कुणाकडचे' इथपर्यंत उलटतपासणी जाते. आमची पंचाईत अशी की आजोबा नांदेडहून नोकरीसाठी हैदराबादेत आले, तेव्हा नांदेडही निजामाचंच होतं आणि हैदराबादही. ते आपले ओसरीतून माजघरात यावं तसे आले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आम्ही माजघरातच राहिलो. नांदेडला आता ना जमीन, ना वाडा. भांडायला भाऊबंदसुद्धा उरलेले नाहीत. भावकीचं भांडण नसलेल्या जागेला गाव म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

अशा परिस्थितीत आमच्या मंडळानं गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी 'माझं गाव' हा विषय काढला. पैठण, वाई, गुहागर भराभर वाटून गेली. दोघांनी तर एकाच पंढरपुरावर हक्क सांगितला. माझ्याकडे नजर वळली तशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी नामपल्लीवर लिहितो."

सभेत शांतता पसरली. मागून कुणीतरी विचारलं, "स्टेशनवर?"

"स्टेशनवर नाही. गावावर." माझी सगळी नोकरी हैदराबादच्या नामपल्ली भागातल्या एका कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब जुळवण्यात गेली होती. "माणूस जिथं आयुष्यभर डबा खातो तेच त्याचं गाव," असं एक वाक्य मी तिथल्या तिथं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. टाळ्या मिळवणाऱ्या वाक्याची किंमत नंतर पायांनी फेडावी लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वास्तविक काम सोपं होतं. चार पानं लिहायची, दोन आठवणी घालायच्या, शेवटी डोळे पाणावल्याचं लिहायचं. पण आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडून बसतात, तिथं नको त्या वेळी एक पुस्तक हाती लागलं. इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्याचा इतिहास. गावची वस्ती दीडशे आणि पुस्तकाची पानं तीनशे. माणशी दोन पानं! चर्च तेराव्या शतकातलं, त्याची घंटा कुणी ओतली, जमीनदाराच्या हवेलीची कौलं कधी बदलली, पबच्या पाटीवर आधी कुठलं चित्र होतं, सगळं नमूद. १०८६ साली विजेत्या विल्यमनं देशभर मोजणी करवली, तेव्हा त्या गावात नांगर किती आणि डुकरांना चरायला रान किती होतं, हेसुद्धा त्यांना माहीत. आम्हाला पणजोबांचं नाव विचारलं तर श्राद्धाच्या वहीत बघावं लागतं.

प्रस्तावनेत आणखी एक माहिती होती. इंग्लंडातल्या प्रत्येक काउंटीचा गाववार इतिहास लिहायचं काम १८९९ साली सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही. याचा मला फार धीर आला. स्मरणिकेची मुदत टळलीच, तर मागे केवढी परंपरा उभी आहे!

घरी त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' होताच, १९१५ साली प्रसिद्ध झालेला. वेस, चावडी, बलुतेदार, अलुतेदार यांची त्यात बारकाईनं मांडणी आहे. मी एक वही घेतली. डाव्या पानावर इंग्रजी गावाचा ऐवज: चर्च, हवेली, पब, गवताचं सार्वजनिक मैदान, तळं, जत्रा आणि गावातला सर्वांत म्हातारा माणूस. उजव्या पानावर आत्र्यांचा गाव. आता नामपल्लीत जाऊन एकेका नोंदीपुढे खूण करत जायची. सौभाग्यवती म्हणाल्या, "मोजायचीच हौस आहे तर माळ्यावरची भांडी मोजा." थोर कार्याला घरून विरोध व्हायचाच, असं म्हणून मी निघालो.

पहिला धक्का रिक्षावाल्यानं दिला. काचीगुड्याहून 'नामपल्ली' म्हटल्यावर त्यानं रास्त प्रश्न विचारला, "नामपल्ली में कां पे? टेसन? दर्गा? कोरट? असंबली? गांधी भवन?"

मी म्हणालो, "गाव."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातातली पिशवी पाहिली. मग अगदी मायेनं म्हणाला, "गाव जाना बोले तो इमलीबन चलो साब. बसां उधरिच मिलते." आणि खरोखरच त्यानं रिक्षा बसस्टँडकडे वळवली. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला मुलांनी घराबाहेर काढलंय आणि तो आता गावी निघालाय, अशी काहीतरी कथा त्यानं मनात रचली असावी. परतीचं भाडं त्यानं घेतलं नाही. हैदराबाद हे असं शहर आहे.

पब शोधणं सोपं होतं. स्टेशनच्या रस्त्यावरचं इराणी हॉटेल. इथला चहा म्हणजे एका भांड्यात दमावर ठेवलेला कोरा अर्क, दुसऱ्यात आटवून घट्ट केलेलं दूध आणि दोघांची गाठ थेट कपात. सोबत उस्मानिया बिस्किट. मी समोरच्या बुजुर्गांना विचारलं, नामपल्लीचं मूळ गाव नेमकं कुठं होतं? त्यांनी स्टेशनच्या मागे बोट दाखवलं. शेजारच्या टेबलावरून हरकत आली: बाजारघाटाकडे. तिसरा म्हणाला, रेड हिल्सच्या पायथ्याशी. चौथ्याला काही माहीत नव्हतं, पण आधीचे तिघं चुकतायत याची त्याला खात्री होती. चावडी म्हणजे याहून वेगळं काय असतं, असं वाटून मी चावडीपुढेही खूण करून टाकली. सर्वांत वयस्क गृहस्थ इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मियाँ, गाँव मिल गया तो करते क्या उसका?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. बिल मात्र आलं, माहिती देणाऱ्या प्रत्येकाच्या चहासकट.

नाव कसं पडलं याची हकीकत तिथंच कळली. कुत्बशाहीत नेकनाम खान नावाचे सरदार होते, १६७२ साली वारले, त्यांच्या नावाचं हे गाव, असं सांगतात. हे सांगताना चौघांचं एकमत झालं, म्हणून मला जरा शंका आली.

गवताचं मैदान म्हणजे बाग-ए-आम, आजचं पब्लिक गार्डन. १८४६ सालचं. याच बागेच्या कडेला पांढऱ्या घुमटांची इमारत आहे. सहावे निजाम महबूब अली पाशा चाळीस वर्षांचे झाले त्या आनंदाप्रीत्यर्थ तिचं काम १९०५ साली सुरू झालं. टाऊन हॉल म्हणून ती बांधून झाली १९१३ साली आणि महबूब अली पाशा तर १९११ सालीच वारले. वाढदिवसाची भेट पोचायला उशीर होतो म्हणून मुलाला बोलणारा मी, हे वाचल्यापासून गप्प आहे. आज ती विधानसभेच्या आवारात आहे. माझ्या वहीत ती 'जमीनदाराची हवेली' या नोंदीखाली आली.

आता इंग्रजी पुस्तकवाल्या लेखकानं आपल्या गावचं मैदान स्वतः मोजलं होतं. मीही मोजायला घेतलं. साखळी कुठून आणणार, म्हणून सौ.च्या शिवणाच्या डब्यातली टेप उचलली होती. ती दीड मीटरची असते. वाकायचं, खडूनं खूण करायची, टेप उचलायची, पुन्हा वाकायचं. अधिवेशन चालू आहे आणि त्या दिवशी बंदोबस्त कडक आहे, हे मला वाकलेल्या अवस्थेत दिसलं नाही. दिसले ते बूट.

"क्या नापरे?"

"मैदान."

"कायकू?"

"गाव का है ना."

पिशवी तपासली गेली. त्यात निघालं ते असं: शिवणाची टेप, खडू, दोन केळी, 'गावगाडा' आणि वही. वहीत मी आदल्या रात्री नीट अक्षरात लिहिलं होतं, 'हवेली. पांढरे घुमट. आत शिरायच्या वाटा किती ते पाहणे. पहारा कुणाचा?' पोलिसांना मराठी येत नाही म्हणून सुटेन असं वाटलं होतं. पण त्यांच्यातला एकजण निघाला उदगीरचा. त्यानं ते वाचलं, भाषांतर करून सगळ्यांना सांगितलं आणि मला बाकावर बसवलं. मुलाला फोन गेला. तो ऑफिसातून येईपर्यंत उदगीरवाल्यानं 'गावगाडा' चाळला आणि एक केळं खाल्लं. मुलगा आला, बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "बाबा, घरी चला." माझं वय पाहून सोडून दिलं. निवृत्तीनंतर वयाचा एवढा एकच उपयोग मला आजवर झाला आहे.

पण माघार घेईन तर हिशेबनीस कसला. दुसऱ्या खेपेला टेप घरी ठेवून गेलो, तो थेट गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या व्यक्तीची मुलाखत घ्यायला. बागेतच राज्य संग्रहालय आहे, १९३० सालचं, आणि तिथं काचेच्या पेटीत इजिप्तची एक ममी आहे. वय सुमारे अडीच हजार वर्षं. निजामाच्या काळात ती इकडे आली आणि कायमची इथलीच झाली. मी बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिलो. नामपल्लीत राहून मूळ गाव दूर असलेला मी एकटाच नाही, याचा मोठा दिलासा वाटला. तिला निदान 'गावात कुणाकडच्या?' असं कुणी विचारत नाही. शाळेची पोरं आली, त्यांच्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून "हात लावू नका" असं सांगितलं. ते पेटीबद्दल असावं अशी मी समजूत करून घेतली.

यूसुफैन दर्ग्यात मात्र वही पिशवीतच ठेवली. यूसुफ बाबा आणि शरीफ बाबा औरंगजेबाच्या फौजेत होते असं मानतात. १६८७ साली गोवळकोंड्याचा वेढा आठ महिने चालला होता. त्या काळात एका रात्री वादळानं छावणीतले सगळे तंबू उडवले. एकाच तंबूतला दिवा जळत होता आणि आत हे दोघं शांतपणे कुराण वाचत बसले होते, अशी कथा आहे. लांबलांबून माणसं येतात, सगळ्या धर्मांची येतात. मी तिथल्या एका म्हाताऱ्या फुलवाल्याला गाव विचारलं. तो म्हणाला, बाबा इथं आहेत म्हणून वस्ती आहे; आधी काय होतं ते बाबांना विचार. गावाच्या इतिहासाचं इतकं सरळ उत्तर इंग्रजी पुस्तकाच्या तीनशे पानांत नाही.

एवढं झाल्यावर लेखाला बसलो, तर एक खटकलं. शेतीच नाही! पीकपाण्याशिवाय कसला आलाय गाव? आत्रे काय म्हणतील? माझा नातू कॉम्प्युटरवर काहीही शोधून देतो आणि त्याला तेलुगू वाचता येतं. मला अख्खा जन्म इथं काढून बसवरच्या पाटीपुरतंच येतं, तेही क्रमांक बघून. नातवाला म्हटलं, नामपल्ली गावाची माहिती काढ. त्यानं पाच मिनिटांत सगळं वाचून दाखवलं. पीक कापसाचं, शिवाय मोसंबीच्या बागा. मंडल, म्हणजे इथला तालुक्यासारखा भाग, तोही नामपल्ली. मी हर्षभरित झालो. स्टेशनच्या परिसरात एके काळी मोसंबीच्या बागा होत्या, हे हैदराबादच्या इतिहासकारांना सुचलं नव्हतं! मी त्यावर पाच पानं लिहिली. बोंडं वेचणाऱ्या बायका घातल्या, पहाटेचं धुकं घातलं, एक बैलगाडीसुद्धा घातली. तिचे बैल मी पांढरे रंगवले.

स्मरणिकेच्या आधी लेखांचं वाचन ठेवलं होतं. सभागृह भरलेलं. "नामपल्लीच्या काळ्याभोर रानात कापूस फुटला की..." इथपर्यंत मी आलो आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "फलाट नंबर किती?" मी दुर्लक्ष केलं. मोसंबीच्या बागेपाशी दुसऱ्यानं विचारलं, "गांधी भवनाच्या पुढे की मागे?" एक वकीलसाहेब उठले. त्यांची हयात नामपल्लीच्या फौजदारी कोर्टात गेलेली. ते म्हणाले, "मी इथं इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय, बोंडअळीचं एकही प्रकरण आलं नाही." बैलगाडी येईपर्यंत सभागृहात माझा आवाज कुणाला ऐकू जाईना. मागच्या रांगेत नातू बसला होता. तो तिथूनच ओरडला, "आजोबा, ती नलगोंड्याची नामपल्ली! तुम्ही गाव म्हणालात, मी गावाची काढली."

नलगोंडा जिल्ह्यात नामपल्ली नावाचं खरोखरीचं गाव आहे. त्याच नावाचं मंडलही आहे. तिथं कापूसही होतो आणि मोसंबीही. माझा लेख त्या गावाच्या दृष्टीनं अगदी निर्दोष होता.

तेव्हापासून मंडळात मला 'पाटील' म्हणतात. सौ. भाजीवाल्याकडे मोसंबी घेताना "घरची आहेत का हो?" असं मला विचारतात. कापूस आणायला सांगताना दुकानात कशाला जाता, म्हणतात.

लेख मात्र पुन्हा लिहावा लागला, आणि या खेपेला वही बाजूला ठेवून. नामपल्लीच्या शिवारात ज्यानं शेवटचा नांगर चालवला त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही; पण तिच्या छातीवर काय काय आणून ठेवलं याच्या तारखा सगळ्या आहेत. आधी बाग. मग १९०७ साली स्टेशन, ज्यात सुरुवातीला मालच उतरायचा. उतारूंच्या गाड्या यायला १९२१ उजाडलं. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला, १९१२ साली सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड आलं. दाटीवाटीच्या वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, नवी घरं बांधायची, अशी जी कामं बोर्डानं काढली त्यांत नामपल्लीही होती. गाव असं हप्त्याहप्त्यानं गेलं. आता त्याच्या हद्दीत मेट्रोची तीन स्टेशनं आहेत: असेंब्ली, नामपल्ली, गांधी भवन. आपल्याकडे कितीतरी तालुक्यांना अजून एक एसटी स्टँड धड नाही.

बलुतेदार मात्र सगळे शाबूत आहेत, फक्त हत्यारं बदलली. कोर्टाभोवती वकील, टायपिस्ट, झेरॉक्सवाला, स्टॅम्पपेपरवाला, 'जामीन मिळेल' अशा चेहऱ्यानं उभा राहणारा एक कायमचा गृहस्थ. स्टेशनसमोर लॉजवाले, हमाल, रिक्षावाले. दर्ग्यापाशी फुलवाला, अत्तरवाला. कुणाचा मुलगा काय करतो, कुणाची तारीख कधी आहे, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत. आत्रे आले तर तासाभरात मांडणी करून देतील.

आणि जत्रा! इंग्रजी गावाच्या जत्रेत मेंढ्यांची बक्षिसं असतात. आमची नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी पब्लिक गार्डनमध्ये सुरू केली, दहाच दिवसांची. १९४६ साली ती नामपल्लीच्या मैदानावर आली आणि आता दरवर्षी दीड महिना चालते. काश्मिरी शाली, लखनवी कुर्ते, लोणची, भांडी, पाळणे, आणि हरवलेल्या मुलांच्या घोषणा. मी स्वतः लहानपणी तिथं हरवलो होतो; घोषणा ऐकून आमच्या वडिलांनी आधी हलीम संपवलं आणि मग घ्यायला आले. मैदानाच्या एका फाटकाचं नाव अजंठा गेट. अजंठा त्या वेळी निजामाच्याच राज्यात होतं, त्यामुळे त्या फाटकातून आत शिरताना माझी मान उगीचच ताठ होते.

मृगाला याच मैदानावर दम्याचं औषध वाटतात. जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात औषध भरतात आणि तो मासा तसाच रुग्णाला गिळायला देतात. शाकाहाऱ्यांना गुळातून मिळतं. डॉक्टर मंडळींना हे मान्य नाही, विज्ञानाचा कसलाही दाखला नाही, तरी देशभरातून हजारो माणसं रांगा लावतात. लेखात घ्यावं म्हणून मी रांगेत उभ्या असलेल्यांशी बोलायला गेलो होतो. पण प्रश्न विचारायचा तर तोंड उघडावं लागतं, आणि त्या मैदानावर त्या दिवशी उघड्या तोंडाचा अर्थ एकच होतो. मी ओठ घट्ट मिटून, नमस्कार करत मागच्या मागे परत आलो. ही माहिती म्हणूनच थोडी अपुरी आहे.

तुम्ही मुंबई-पुण्याहून हुसेनसागर एक्स्प्रेसनं येणार असाल, तर वेळापत्रकात 'हैदराबाद' लिहिलेलं असतं तेच नामपल्ली. गाडी तिथं संपते, पुढे रूळच नाहीत, तेव्हा झोप लागली तरी चुकणार नाही. सिकंदराबाद आणि काचीगुडा ही वेगळी स्टेशनं आहेत. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकाला कुठलं ते आधी नीट सांगा, नाहीतर तो एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे उभे राहाल. नुमाइश १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी असते, संध्याकाळी जा, अजंठा गेटनं जा. अधिवेशन चालू असेल तर टेप घरी ठेवा. आणि रिक्षावाल्याला काहीही सांगा, फक्त 'गाव' म्हणू नका.